मुदत

फाटक क्रमांक बासष्ट, खैरधरी शिवार.
नवऱ्याची नोकरी, अनुकंपेवर मिळालेली,
सतरा वर्षं मी रुळांना झेंडी दाखवते आहे.

इथून एक फाटा डेपोत जातो.
एरवी त्याच्यावर शेळ्या बसतात, रवंथ करत.
शेळ्या उठवायचा निरोप आला
की मला कळतं :
टीव्हीला कळायला अजून दोन दिवस आहेत.

डबे मोजायचे नाहीत, असा हुकूम आहे.
मी मोजत नाही.
खाटेखालचा तांब्या मोजतो,
एकेका डब्याला एकदा किणकिणत.
या वेळी एका रात्रीत
तो एकशे बहात्तर वेळा किणकिणला
आणि मग आपोआप लवंडला.

माळावरच्या खड्ड्यांत जुने गोळे उडवतात.
गोळ्यालाही मुदत असते, खोकल्याच्या औषधासारखी.
न फुटता म्हातारा झाला तर
त्याला इथे आणून फोडतात.
तुळशीराम कोडापे तिथे रोजीवर होता,
वाळूच्या गोण्या रचायला.
आता उजवा हात कोपरापर्यंतच आहे.
तंबाखू मांडीवर मळतो, डाव्या तळव्यानं,
आणि चुना मला लावायला सांगतो.
"बाई," म्हणतो, "म्या लढाई कधी पाह्यली नाही,
पण लढाईनं मले बराबर पाह्यलं."

त्यानंच दिलेला एक पितळी तुकडा
मी दाराला लावते, वाऱ्यानं आपटू नये म्हणून.
त्यावर अक्षरं आहेत.
आपली नव्हेत. इंग्रजीही नव्हेत.

गेल्या आठवड्यात टीव्हीवर
पलीकडच्या कुणा म्हातारीचं अंगण दाखवलं.
निवेदक ओरडत होता, चित्र हलत होतं,
म्हातारी एका तुकड्याकडे बोट दाखवत होती.
पहिलं अक्षर उलट्या कुऱ्हाडीसारखं,
शेवटचं विंचवाच्या नांगीसारखं.
मी उठले, दाराचा तुकडा उचलला,
काचेला भिडवून धरला.
मागे दार आपटलं.

कुणाला सांगणार?
चावडीवर पोरं सीमा ओलांडून परत आली होती,
तीनदा, एका संध्याकाळीत,
मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत.

आमच्याकडे पडोळे आणि ठवकर
एका धुऱ्यासाठी तीन पिढ्या भांडतात.
दोघांच्याही कुऱ्हाडी पाजवतो झिबल खाती.
मयत झाली की तो दोन्ही घरी जातो
आणि दोन्हीकडे खरंच रडतो.
मी त्याला वाईट म्हणायची.
आता म्हणत नाही.
माझाही पगार याच रुळांवरून येतो,
आणि विळ्याला धार मलाही लागते.

मंगळवारी थांबलं.
समुद्रापलीकडच्या कुणा मोठ्या माणसानं
ते आधी सांगितलं.
तिकडे तेव्हा सकाळ होती म्हणे,
न्याहारी करून आला असेल.
आपल्यांनी नंतर सांगितलं, घसा खाकरून.
पलीकडच्यांनीही. तसाच खाकरून.
दोन्हीकडे फटाके वाजले.
तुळशीराम पहिल्या फटाक्याला
फाटकाच्या खांबामागे बसला,
अर्ध्या हातानं
नसलेला हात झाकत.

शुक्रवारी पहाटे
एक गाडी आत गेली. ताडपत्रीखाली नव्या पेट्या,
एका कोपऱ्याची दोरी सुटलेली.
कंदील वर धरला तेव्हा दिसलं :
कुऱ्हाड. नांगी. मधलं वाचता आलं नाही.
खाली आकडे होते, ते मात्र आपल्या ओळखीचे.

"कवाची मुदत हाय?" तुळशीरामनं विचारलं.
मी आकडे सांगितले.
तो बोटांवर मोजायला लागला,
पाच झाली, पुढे माझा हात मागितला.
"माह्या नातीची बारावी होते त्या साली," म्हणाला,
आणि चुन्याची डबी पुढे केली.

उन्हं वर आली तशा शेळ्या परत आल्या.
एक रुळावर बसली,
लगेच उठली,
रूळ हुंगून पाहिला,
मग पुन्हा बसली. अजून कोमट असावा.